खालच्या अंगाची गंगा

द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरायला लागलं की आमच्याकडे माघ आला असं समजायचं. कालपरवापर्यंत गोटीसारखा टणक असलेला मणी बोटाखाली किंचित दबतो, हिरव्यात जरा पिवळेपणा येतो आणि बागाईतदार आभाळाकडे संशयाने बघायला लागतात. पहाटेची थंडी अजून हाडांत असते, पण दुपारच्या उन्हाला धार आलेली असते. विंचूरच्या रस्त्याला लाल कांद्याचे ट्रॅक्टर लागतात. अशा एखाद्या ट्रॅक्टरमागे आपली स्कूटर अडकली, की त्या दिवसापुरतं आपणही कांदाच होऊन घरी यायचं. परवा मी अशीच अडकले. पुढे हलायला जागा नव्हती, कुणाशी भांडायला उत्साह नव्हता, आणि थंड वाऱ्यात नाक गार पडलं होतं. मला तो माघ आठवला. मी त्याला मनातल्या मनात आईचा माघ म्हणते.

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मी सांडपाण्याच्या प्लांटमध्ये केमिस्ट आहे. नाशिकने सकाळी आंघोळ केली, भांडी घासली, संडासात बादली ओतली, की ते सगळं नळ्यानळ्यांतून फिरत माझ्याकडे येतं. मी राहते पंचवटीत, मंदिरांच्या आणि भाजीबाजाराच्या गर्दीत. तिथे सकाळी शेजारीपाजारी देवाला निघतात आणि मी गटारीला निघते. हे मी गमतीने म्हणते. मला माझं काम आवडतं आणि ते मी कुणापासून लपवलेलं नाही. लपवलं होतं ते आईने.

नाशकात गोदावरीला गोदावरी म्हणणारा माणूस बहुधा पाहुणा असतो. आम्ही गंगा म्हणतो. घाटावर जायचं म्हणजे गंगेवर जायचं. या गंगेला दोन अंगं आहेत. वरच्या अंगाला धरण, फिल्टर प्लांट, रविवारी फिरायला येणारी माणसं आणि त्यांचे फोटो. खालच्या अंगाला आमच्यासारखी गावं. माझं माहेर शहराच्या खाली, थोड्याच अंतरावर, काठावर. वरच्यांनी वापरून सोडलेलं पाणी आमच्या वाट्याचं. शेजारणीने धुऊन झाल्यावर उरलेल्या साबणाच्या पाण्यात आपले कपडे बुचकळावेत, तसं ते होतं.

पण माझ्या लहानपणी तसं नव्हतं, किंवा निदान दिसत नव्हतं. आई पौषातल्या पौर्णिमेपासून माघातल्या पौर्णिमेपर्यंत रोज उजाडायच्या आत गंगेवर आंघोळीला जायची. मला उठवायची नाही, पण मीच तिच्या बांगड्यांनी जागी व्हायची आणि गोधडीसकट मागे लागायची. नदीवर वाफ असायची. थंडीत नदीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, हे मला पुस्तकाच्या कितीतरी आधी पायांनी कळलं. आई गळ्यापर्यंत बसायची, ओंजळ वर करायची आणि काहीतरी पुटपुटायची. मी पायरीवर बसून वाळूत बोटं खुपसायची. परत येताना तिच्या ओल्या लुगड्याचं टोक मी धरायची आणि ते इतकं गार असायचं की हात बदलावा लागायचा. त्या वेळेइतकी स्वस्थ मी नंतर फार कमी वेळा झाले.

मग गावात नळ आला. पांढरी टाकी उभी राहिली, तिला हार घातला, नारळ फुटला, पेढे वाटले. पहिल्या धारेखाली बायांनी हळदकुंकू वाहिलं आणि एका आजीने तोटी पुन्हा बंद करायचीच नाही असं ठरवलं, कारण ‘पुन्हा नाय आलं तर?’ पाणी दारात आलं. नंतर मोरीत आलं, मोरीची न्हाणीघरं झाली, मागे संडास बांधले गेले. हे सगळं चांगलंच झालं. आईच्या कंबरेला विचारा. पण मला पुढे या धंद्यात शिरल्यावर एक गोष्ट जाणवली. पाणी येतं तेव्हा नारळ फुटतो, पाणी जातं तेव्हा कुणी वळून बघत नाही. आमच्या गावानेच नव्हे, सगळ्या देशाने बराच काळ हेच केलं. किती गावांत नळ पोचले ते मोठ्या आवाजात मोजलं. त्या नळांचं पाणी वापरून झाल्यावर कुठे गेलं, हे मात्र खालच्या अंगाला राहणाऱ्यांनी आपापल्या नाकाने समजून घ्यावं.

आम्ही समजून घेतलं. एका माघात आईच्या पायांना खाज सुटली. पुढच्या माघात घाटावर फेस आला, गुडघ्याएवढा, पांढराशुभ्र. लहान पोरं त्यात खेळली म्हणून त्यांना मार पडला. मग पाणवेल आली. या काठापासून त्या काठापर्यंत नुसतं हिरवंगार, मध्ये जांभळी फुलं. बघायला इतकं सुंदर की गावातली एक शेळी ते रान समजून चरायला उतरली आणि तिला शिंगांना धरून बाहेर काढावं लागलं. त्या वर्षी आईने गंगेवर जाणं सोडलं. ती न्हाणीघरात बादलीत हात बुडवून गंगेचं नाव घ्यायची. म्हणायची, “नळाचं पाणी वरल्या अंगाचं हाय ना, मंग गंगाच की ती.” स्वतःची समजूत घालण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

मी या नोकरीला लागले तेव्हाही तिने अशीच एक समजूत घातली, पण ती गावाची. “मंगल पाण्याच्या खात्यात लागली,” तिने सांगितलं. तेवढं खोटं नव्हतं. मग कुणी खोलात विचारलं तेव्हा “फिल्टर प्लांटला, पाणी तपासती” असं झालं, आणि माझ्या लग्नाच्या बोलण्यात तर मी जवळजवळ अख्ख्या नाशिकला पिण्याचं पाणी पाजत होते. नवऱ्याला खरं ठाऊक होतं आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. पण गावात नव्हतं माहीत. घाणीला हात कुणी लावायचा हे आमच्या गावात न बोलता ठरलेलं होतं, पिढ्यान्‌पिढ्या. आपली शिकलेली लेक त्या बाजूला जाऊन उभी राहिली, हे आईला पेलत नव्हतं. ती प्लांटवर कधी आली नाही. मीही बोलावलं नाही. मला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतं हे सांगायलाही वाईट वाटायचं.

तिला ते काम कळत मात्र चांगलं होतं. मी एकदा तिला सांगितलं की आम्ही घाण काढून टाकत नाही, ती खाणारे जिवाणू पाळतो. मोठ्या हौदात खालून हवा सोडतो, ते श्वास घेतात, खातात, वाढतात, जड होतात आणि तळाला बसतात. वरचं निवळ पाणी पुढे जातं. तळाचा थोडा गाळ परत पहिल्या हौदात घालतो, म्हणजे पुन्हा काम सुरू.

“म्हंजी इरजण,” आई म्हणाली.

विरजणच. आणि थंडीत जसं दही लागायला वेळ लावतं, तसे ते जिवाणूही आळसावतात. आई दह्याचं पातेलं गोधडीत गुंडाळायची. मला हौदाला गोधडी घालता येत नव्हती.

त्या माघात आमच्याकडे नवा भाग सुरू झाला होता. नवे हौद, नव्या हवेच्या नळ्या. सुरुवातीचे दिवस कठीण गेले. गाळ बसेना, फेस येई, वरिष्ठांचे फोन येत. माझ्याबरोबर पाळीला भोये असायचा, ऑपरेटर, पेठकडचा. त्याच्या पाड्यावर पावसाळ्यात डोंगरभर पाणी कोसळतं आणि उन्हाळ्यात बाया दरीत उतरून झिऱ्यातून वाटीवाटीने हंडा भरतात. तो पहिल्यांदा या प्लांटवर आला तेव्हा आत येणारा तो काळा लोट बघून त्याला घाण वाटली नव्हती, आश्चर्य वाटलं होतं. “एवढं पानी, मॅडम,” तो म्हणाला होता, “आन् हे नुसतं धुऊन टाकलेलं?” नव्या भागाची त्याला माझ्याहून जास्त काळजी. काचेच्या उंच नळीत हौदातलं गढूळ पाणी भरून आम्ही दोघं ते बसायची वाट बघत चहा प्यायचो. रोज अर्ध्यावर अडायचं. रथसप्तमीच्या सकाळी ते बसलं. तपकिरी गाळ खाली, आणि वर असं पाणी की पलीकडची भोयेची मिशी दिसावी. आम्ही दोघं उगाचच हसत बसलो.

त्यानंतर प्लांटच्या मागच्या अंगाला, जिथे आमचं पाणी पायऱ्यापायऱ्यांवरून गंगेत पडतं, तिथे बगळे यायला लागले. पाणवेलीच्या हिरव्या गालिच्यात तेवढा तुकडा मोकळा आणि वाहता. खळखळ आवाज, थंडीत वाफ. झाडी दाट असल्यामुळे काठावरून वर प्लांट आहे हे कळतही नव्हतं. एक दिवस भोये म्हणाला, तिथे कुणीतरी सात दगड मांडून शेंदूर लावलाय. आसरा. पाण्याच्या देवी, आपल्याकडे झरा असला की त्या असतातच. मी जाऊन बघितलं. झेंडूची फुलं, विझलेली पणती, हळदीचं बोट. मला फार हसू आलं, आणि थोडा अभिमानही वाटला. सांडपाण्याच्या प्लांटच्या तोंडाला शेंदूर लागल्याचं मी तरी कुठे ऐकलं नव्हतं.

त्याच आठवड्यात आई माझ्याकडे पंचवटीत राहायला आली. पायऱ्या चढून दमलेली, पण चेहरा असा उजळलेला की मी आधी तोच बघत राहिले. पिशवीतून तिने गडू काढला, त्याच्या तोंडाला फडकं बांधलं होतं.

“देवाजवळ ठेव,” ती म्हणाली. “झऱ्याचं पाणी हाय. मंगल, मी माघस्नान करायला लागले पुन्हा.”

ती बोलत राहिली. गावातल्या बाया रिक्षा करून नाशकातल्या घाटावर जायच्या, तर वाटेत काठाकाठाने येताना ठकूमावशीला पाण्याचा आवाज आला. ठकूमावशी म्हणजे आईची जन्माची मैत्रीण, कान तिखट आणि तोंड त्याहून. उतरून बघतात तो काय, झाडीत निवळ झरा. घाटापर्यंत जायची गरजच उरली नाही. रोज पहाटे तिथेच. “आंघोळ करतो, आसरांना दिवा लावतो, चूळभर तीर्थ घेतो. लय गोड पाणी हाय गं. इतक्या वर्षांनी गंगा आली बघ.”

मी विचारलं, कुठे, कोणत्या वळणावर. तिने सांगितलं. मी गडू हातात घेऊन उभी राहिले. आईला इतकं आनंदात मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि तो आनंद माझ्या हातातल्या गडूत होता, आणि त्यात काय होतं हे मला ठाऊक होतं. मनात आलं, गप्प बसावं. पौर्णिमेपर्यंतच तर आहे. पण तोंडात घेतात म्हणाली होती.

मी सांगितलं. पाणी निवळ आहे, शेताला चालेल, बागेला चालेल, पण डोळ्याला दिसत नाही ते त्यात उरतं. आंघोळीला नको. पिऊ तर मुळीच नये. आई ऐकत राहिली.

“म्हंजी ते पाणी तुझ्याकडलं?”

“हो.”

ती खाली बसली. गडू तिने फेकला नाही, गॅलरीतल्या तुळशीला घातला. मग पदराशी चाळा करत राहिली. “बायांना नाय सांगायचं,” ती शेवटी म्हणाली.

“आई, त्या पितात.”

“मंग पाटी लाव. पाटीला कुणी इचारत नाय तू कुणाची कोण म्हणून.”

“ठकूमावशीला वाचता येत नाही.”

“त्या भोयेला सांगायला लाव.”

“मी का नको?”

तिने तोंड फिरवलं. मला खरं म्हणजे चिडायचं नव्हतं, पण इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. “तुला माझी लाज वाटते,” मी म्हणाले.

“तुझी नाय,” आई म्हणाली. “लोकांच्या तोंडाची.” आणि तिने डोळे पुसले.

आम्ही जेवलो. भांडी ती घासायला बसली, मी नको म्हटलं तरी. आईला सवय अशी की सकाळी नळ आला की कालचं पाणी ‘शिळं’ म्हणून ओतायचं आणि ताजं भरायचं. माझ्याकडे आली की माझ्या टाकीलाही ती शिळी ठरवायची. त्यावरून मी तिला नेहमी चिडवायची की तू सकाळी ओतलेलं शिळं पाणी दुपारी माझ्याकडे कामाला येतं. त्या दिवशी तिने सिंकच्या भोकाकडे बघितलं आणि स्वतःच विचारलं, “हे आता कुठं गेलं?”

“माझ्याकडे.”

“आपल्या गावातलं?”

“गावातलं अजून थेट गंगेत. तुमच्या घाटाच्या वरच.”

तिने ताट विसळलं, पालथं घातलं. “म्हंजी आपणबी कुणाच्या तरी वरल्या अंगालाच,” ती म्हणाली.

हे मला फार वेळा आठवतं. प्रत्येकाला वाटतं आपण खालच्या अंगाला आहोत आणि घाण वरून येते. पुढच्या गावाचा नळ कुठून येतो, हे आईच्या पिढीला कुणी विचारलं नाही, माझ्या पिढीने पुस्तकात वाचलं. आता गावागावांत शोषखड्डे, छोटे प्लांट यांची बोलणी चालतात, सभा होतात, कुणी भांडतं, कुणी जागा देत नाही. मला ती भांडणंही चांगली वाटतात. निदान पाणी कुठे जातं यावर माणसं बोलायला लागली. उशीर झालाय, पण विरजण लागलंय.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी आईला स्कूटरवर मागे बसवलं. प्लांटच्या फाटकाने न जाता आम्ही काठाकाठाने गेलो. धुकं होतं, पाणवेलीवर दव होतं, आणि झाडीच्या आत बायांचे आवाज. चारपाच जणी असतील. आंघोळी व्हायच्या होत्या, दिवा लागला होता. ठकूमावशी पायरीवर वाकून ओंजळ भरत होती.

“मावशी, ते पिऊ नका,” मी म्हणाले.

तिने वर बघितलं. “का गं? गोड पाणी हाय. तुला काय ठावं इथलं?”

उत्तर माझ्या ओठांवर होतं. पण ते उत्तर आईचंही होतं आणि मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती दगडांपाशी उभी होती, थंडीने आखडलेली, डोक्यावर पदर. मला वाटलं ती मान खाली घालेल.

“तिला नाय ठावं तर कुणाला?” आई म्हणाली. “झरा नाय हा. नाशिकची गटार हाय. वर प्लांट हाय, तिथं मंगल ती निवळती. तिच्या हातचं पाणी हाय हे.”

ठकूमावशीच्या बोटांतून पाणी गळून गेलं. “तू तर फिल्टरचं म्हणत हुतीस.”

“खोटं बोलत हुते.”

मग ठकूमावशीने हात लुगड्याला पुसले, एकदा पाण्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. “आन् मी चार दिस सुनंला सांगती हाय, या पाण्यानं माझं पोट सुधारलं,” ती म्हणाली, आणि सगळ्यात आधी आईच हसली. मग सगळ्या. एकीला तर खाली बसावं लागलं. हसून झाल्यावर प्रश्न सुरू झाले. आंघोळ का नको, शेताला का चालतं, आसरांचे दगड काढायचे का. दगड राहू द्या म्हटलं. दिवाही लावा. पाण्याची कुणी आठवण काढत असेल तर माझी काही हरकत नाही.

“पण हे हुतं कसं?” ठकूमावशीने विचारलं. “गटारीचं असं?”

“बघायचंय?” मी म्हणाले, आणि आईकडे बघितलं. ती आधीच झाडीतून वर निघाली होती.

भोयेने फाटक उघडलं, साहेबांना फोन केला, आणि आम्ही ओळीने आत गेलो, माघस्नानाला निघालेल्या बाया, हातात गडू, आणि मी. मी त्यांना आधी तिथे नेलं जिथे सगळं शहर येतं. मोठी जाळी आहे, तिच्यात प्लास्टिक अडकतं, चिंध्या अडकतात, फुलं, नारळाच्या शेंड्या, एखादी बाहुली. खाली काळं पाणी घुसळत असतं आणि वास असा की नव्या माणसाचा पाय आपोआप मागे येतो. बाया थबकल्या. ठकूमावशीने पदर नाकाशी धरला आणि बाकीच्यांचेही हात वर गेले.

आई अगदी कठड्यापाशी जाऊन उभी होती. तिने वळून बघितलं.

“पदर काढ गं, ठके,” ती म्हणाली. “माझी लेक रोज इथं उभी राहती.”